हेराल्डचं डावं चाक

सोमवार, ७ ऑगस्ट १९७२
आज मंडळाची सभा. उत्तर कलकत्त्यात आम्ही बावीस मराठी कुटुंबं, आणि बाविसांमध्ये पुढाकार घेणारा कुणी नाही. दरवर्षी कुमारटुलीच्या कुंभारवाड्यातून गणपतीची मूर्ती येते ती हातरिक्षातून! विसाव्या शतकात! मी उभा राहून जाहीर केलं की यंदा बाप्पा माझ्या स्टँडर्ड हेराल्डमधून येतील. हॉल शांत झाला. लोक भारावले असावेत.
सेक्रेटरी मुकुंदरावांनी विचारलं की गाडी चालते का. तीन वर्षं चालतेय, म्हटलं. त्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. कालिंदीमावशी (जन्म इथलाच, वय सत्तर) म्हणाल्या की रिक्षा कधी मधेच बंद पडत नाही. वयाचा मान राखून गप्प बसलो.
पण नाव अखेर इतिवृत्तात आलं. तीन वर्षं मी नुसता 'इतर उपस्थित' होतो.

बुधवार, ९ ऑगस्ट
गाडीतून घूंऽऽ असा आवाज येतो, अशी माझ्या बायकोची, मीनाक्षीची तक्रार. आवाज हिला महिन्यापासून ऐकू येतोय, मला कालपासून. आवाज रस्त्याचा आहे हे समजावलं. पुरावा: ट्रॅमच्या रुळांवर चाकं ठेवली की आवाज कमी होतो. (इथे सगळेच खड्डे चुकवायला रुळांवरून गाडी हाकतात.) रुळांवर तुम्ही हळू चालवता म्हणून कमी होतो, असं ती म्हणाली. संबंध नाही. विषय संपला.

रविवार, १३ ऑगस्ट
विषय संपलेला नाही. आता चित्पूर रोडवर माणसं वळून बघतात. नाइलाजाने निताई मिस्त्रीला दाखवली. श्यामबाजारच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. तो शेजारी बसला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग हाताने खूण करून एकदा डावीकडे वळायला लावलं, एकदा उजवीकडे. उतरल्यावर म्हणाला की दादा, पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं.
कारण काय, तर डावीकडे वळताना आवाज वाढतो!
मला हसू आवरेना. डावीकडे वळताना आवाज वाढतो, म्हणजे दुखणं डावीकडे. शाळकरी पोरालाही कळेल. तो म्हणाला की गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर पडतो, आणि भार पडला की ते ओरडतं. दूधवाल्याची सायकल डावीकडे वळताना किटल्या कुठे झुकतात ते बघा, असंही म्हणाला. मी बँकेत इन्स्पेक्शनला आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पेशा आहे. मला किटल्या दाखवतो!
बुधवारी तासाभरात बदलून देतो म्हणाला. आभार मानून निघालो. काम स्वतः करणार. संकल्प.

गुरुवार, १७ ऑगस्ट
ऑफिसातल्या एकाकडून हेराल्डचं मॅन्युअल मिळवलं. लाल पेन्सिल घेऊन वाचलं. एकूण बरं आहे, पण तपासणी नीट झालेली दिसत नाही. एके ठिकाणी लिहिलंय की चाकाचा नट घट्ट आवळा, आणि मग एक पैलू मागे फिरवून सैल करा. घट्ट करा आणि मग सैल करा! दोन वाक्यांत दोन विरुद्ध सूचना. कुठल्याही शाखेच्या वहीत असं सापडलं तर मी मॅनेजरला उभं करतो. दुसरं वाक्य खोडलं. समासात सही केली.

रविवार, २० ऑगस्ट
मल्लिक बाजारला जाऊन बेअरिंगं आणली. आतलं एक, बाहेरचं एक. डाव्या चाकाची द्या, असं ठणकावून सांगितलं. दुकानदार म्हणाला की दोन्ही बाजूंना तीच लागतात. मग मिस्त्रीने उजवं-डावं एवढं कशाला लावलं होतं? स्प्लिट पिन हवी का, असंही विचारलं. ती काय असते ते माहीत नव्हतं, पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. नको म्हटलं.

रविवार, २७ ऑगस्ट
ऑपरेशन!
सकाळी आठला जॅक लावला. साडेआठपर्यंत अर्धा पाडा, म्हणजे अर्धा मोहल्ला, जमला. प्रत्येकाचं मत वेगळं, आणि बंगाल्याला मत मांडायला आमंत्रण लागत नाही. एका निवृत्त हेडमास्तरांनी सुचवलं की आधी दुसऱ्या बाजूचं चाक फिरवून बघावं. लक्ष दिलं नाही.
जुनी बेअरिंगं निघाली. रॉकेलने धुतली तर लख्ख. एक ओरखडा नाही. लीना (वय दहा, मराठी दिवसेंदिवस बंगाली होत चाललंय) म्हणाली की बाबा, हे तो भालो आहे (म्हणजे चांगलं). तिला सांगितलं की काही रोग वरून दिसत नाहीत. जुनी टाकून दिली.
नवीन बसवली. ग्रीस सढळ हाताने. नट आवळला. मग पान्यावर उभा राहून आवळला. चाक आता तसूभर डगमगत नाही. तसं ते फिरतही नाही सहज, पण सहज फिरणं म्हणजेच सैल असणं.
शेवटी नटाला भोक दिसलं, त्यात काहीतरी घालायचं असतं. स्प्लिट पिन म्हणजे तीच. मीनाक्षीची केसांची पिन घातली. अगदी बरोबर बसली. तिला अजून सांगितलेलं नाही.
हातांचं ग्रीस निघत नाही. पण आज पुरुषासारखं वाटतंय.

सोमवार, २८ ऑगस्ट
आवाज तेवढाच आहे. नव्या बेअरिंगला रुळायला वेळ लागणारच, माणसालाही नव्या गावी लागतो. शिवाय गाडी आता डावीकडे ओढते. डाव्या बाजूत जोर आल्याचं लक्षण.
थोडा जळका वास येतो. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात सतत काहीतरी तळत असतात, त्याचा असणार.
घराजवळ निताई भेटला. न विचारता वाकला, डाव्या चाकाच्या मध्याला हात लावला आणि झटक्यात काढून बोटांवर फुंकर मारली. म्हणाला की दादा, नट सैल करा, नाहीतर चाक धरेल, जाम होईल. मी पुस्तकाप्रमाणे केलंय, असं सांगितलं. (सुधारित आवृत्ती, पण त्याला काय सांगायचं.) तो उजव्या चाकाकडेही बघून हळहळला. याला कौतुक करवत नाही. धंदा गेल्याचं दुःख.
आता गाडी चतुर्थीपर्यंत हलवायची नाही. विश्रांतीने बेअरिंग बसतं.

शनिवार, २ सप्टेंबर
मुकुंदराव घरी आले होते. चहा घेता घेता हळूच म्हणाले की खबरदारी म्हणून रिक्षाही सांगून ठेवू का. पूजेचा मुहूर्त साडेअकराचा, गुरुजींना पुढे आणखी दोन घरं आहेत. मी म्हटलं, रिक्षा आली तर मी येणार नाही. ते थोडा वेळ विचारात पडले.
ते गेल्यावर मीनाक्षी म्हणाली की मूर्तीच्या बाबतीत तरी हट्ट नको, निताईला एकदा दाखवा. लोक मला हसलेले तिला आवडत नाहीत, असंही म्हणाली. मला कोण हसतंय?

रविवार, १० सप्टेंबर
गाडी धुतली. बॉनेटवर झेंडूची माळ. मागच्या सीटवर मीनाक्षीची पैठणी अंथरली, तिला विचारून नाही. उद्या प्रवेश कसा करायचा याची तालीम केली: हॉर्न दोनदा, मग दार उघडायचं, मग मी.

सोमवार, ११ सप्टेंबर, सकाळी ६
गणेश चतुर्थी. ढगाळ. मन प्रसन्न. हेराल्ड पहिल्या फटक्यात सुरू!

त्याच दिवशी, दुपारी ३
घाईत लिहितो. बोटं कागदाला चिकटतायत.
कुमारटुलीत मूर्ती तयार होती. अडीच फूट. चारी बाजूंना बिनरंगाच्या, बिनडोक्याच्या दुर्गा, आणि मधे आमचा एकटा गणपती. कारागिराने मीनाक्षीला बजावलं की कानांची माती अजून ओली आहे, हादरा नको. ती मागे मूर्ती धरून बसली. मी रुळांवर चाकं घातली. हादरा नाही. रस्त्यात लोक हात जोडत होते. काहींनी माझ्याकडेही बघितलं.
तीन मिनिटं. आयुष्यातली उत्तम तीन मिनिटं.
मग धूर. डाव्या चाकातून. रेल्वे ब्रेक लावते तसा एक किंकाळीसारखा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी उभी. पुढे जाईना, मागे जाईना, ऐन रुळांवर. मागून ट्रॅम आली. तिच्यामागे दुसरी. थोड्या वेळाने मोजल्या तेव्हा पाच होत्या. सगळ्या घंटा वाजवत होत्या. मी बॉनेट उघडलं. दोष चाकात होता हे मला ठाऊक होतं, पण माणसाला काहीतरी उघडावं लागतं. झेंडूची माळ इंजिनात पडली.
अकरा वाजले. मी मीनाक्षीला म्हटलं की दोन मिनिटांत गार होईल. ती उतरली, मूर्ती दोन्ही हातांनी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला गेली, आणि एक हातरिक्षावाला थांबवला. पदराने गणपतीचे कान झाकले. माझ्याकडे वळून फक्त एवढंच म्हणाली की मी पोहोचते, तुम्ही या. रागावली असती तर बरं झालं असतं. रिक्षा गर्दीतून टुणटुण करत निघून गेली, आणि मला खरंच रडू आलं. ग्रीसच्या धुराने नव्हे.
पहिल्या ट्रॅमचे उतारू उतरले आणि 'हेइयो' करत त्यांनी हेराल्ड उचलून फुटपाथला लावली. जाताना एकाने विचारलं की गणेश आतच राहिला का. दुसऱ्याने सांगितलं की नाही, शहाणा आहे, आधीच उतरला.
मी हॉलवर पोहोचलो एक वाजता. मूर्ती सुखरूप, पूजा वेळेवर, आरती झालेली. गुरुजींनी माझे हात बघून प्रसाद वरूनच टाकला. कालिंदीमावशींनी मोदक मात्र दोन जास्त वाढले. ते सर्वात जास्त लागलं.

बुधवार, १३ सप्टेंबर
निताईने गाडी ओढून नेली. डावं चाक काढताना घण लागला. आतून निळं-काळं पडलेलं बेअरिंग निघालं, आणि मीनाक्षीची पिन. पिन तिच्यासमोरच निघाली. निताईने समजावलं की नट सैल सोडला नाही, त्यामुळे चाक तापून धरलं. डावं बेअरिंग मुळात ठणठणीत होतं. आवाज उजव्याचाच होता, आणि ते उजवं तसंच आणखी महिनाभर चाललं असतं.
दोन्ही चाकं त्याने दीड तासात केली. नट घट्ट आवळून थोडा मागे घेतला. मी टक लावून बघत होतो.
घरी येताना मीनाक्षीला म्हटलं की काही झालं तरी बिघाड निघाला तो डाव्याच चाकात. मी पहिल्यापासून डावंच म्हणत होतो.

शुक्रवार, १५ सप्टेंबर
पाच दिवसांचा गणपती, आज विसर्जन. सकाळी मंडळाची तातडीची सभा, साडेचार मिनिटांची. ठराव: मूर्ती हेराल्डमधूनच न्यावी, कारण गाडी आता चांगली आहे. हेराल्ड निताई मिस्त्रीने चालवावी. अनुमोदन सर्वांचं. इतिवृत्तात माझं नाव 'गाडीमालक' म्हणून आलं आहे. इतर उपस्थितांहून एक पायरी वर.
निताई धुतलेलं धोतर नेसून आला. पुढे मुकुंदराव, मागे मीनाक्षी, कालिंदीमावशी आणि मधे गणपती. पाचव्याला जागा नव्हती. मी निर्माल्याची टोपली डोक्यावर घेऊन मिरवणुकीत, माझ्याच गाडीच्या मागे, बागबाजारच्या घाटापर्यंत चालत गेलो. एका डाव्या वळणावर पुढे धावून कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. उजव्या वळणावरही दिला.
संध्याकाळी चहाला मीनाक्षी खुशीत होती. म्हणाली की दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या गाडीत बोललेलं ऐकू आलं. ती आणि मावशी घाटापर्यंत गप्पा मारत होत्या, माहेरच्या, सासरच्या, सगळ्या जगाच्या.
माझा विषय निघाला का, असं मी सहज विचारलं.
नाही म्हणाली.