पुढच्या खोलीतलं घड्याळ

माय, आज मी घड्याळ घेतलं. धुळ्यात, माझ्या भाड्याच्या घरासाठी, माझ्या पगारातून. दुकानदारानं विचारलं, "बाई, खोली कशी आहे तुमची? तशीच घड्याळं काढतो." मला सांगताच येईना. चुन्याच्या भिंती, वेताच्या दोन खुर्च्या, एक सतरंजी, पुस्तकांची फळी. याला काय शोभतं? सोनेरी किरणांचं बघितलं, मोराचं बघितलं, कोरीव लाकडाचं बघितलं. दुकानाबाहेर आले, चौकापर्यंत जाऊन परत फिरले. एका घड्याळासाठी एवढी तगमग कशाला, म्हणून स्वतःवरच चिडले.

आणि मग डोळ्यांपुढं तू दिसलीस, माझ्या लहानपणी जळगावच्या त्या दुकानात. त्या वर्षी आबांनी घरापुढं नवी बैठक बांधली होती, भिंतींना निळा रंग दिला होता. आबा दुकानदाराला सांगताहेत, "निळ्या भिंतवर शोभाले पाहिजे." दुकानदार किरणांचं घड्याळ काढतो. तू ते बघत नाहीस. पदर सावरून फरशीवर उकिडवी बसतेस आणि मान वाकडी करून वर बघतेस. मी तुझ्या मागे, शरमेनं लाल झालेली.

"काय करी ऱ्हायनी? ऊठ, लोके हासतीन," आबा दबक्या आवाजात म्हणाले.

"देखू द्या."

मग तू लंबकाच्या एका उंच घड्याळाकडे बोट केलंस. "माले हाईच जोयजे."

"हाई? केवढं लांबडं शे! टाइम ते वरच दिसस ना."

"टाइम ते कोंबडाबी सांगस."

दुकानदार हसला. आबाही हसले, आणि तेच घेतलं.

बैठकीत माणसं बसली की आपण बायकांनी तिकडं जायचं नसे. चहा दारापर्यंत न्यायचा, पुढं दादा नेई. चुलीपाशी बसलं की मधल्या दाराच्या आडव्या चौकटीखालून त्या घड्याळाचा फक्त खालचा भाग दिसे, हलणारा पितळी लंबक. भाकरी थापता थापता तू त्याच्याकडे बघत राहायचीस. तू ते बैठकीला शोभेल म्हणून नाही, चुलीपासून दिसेल म्हणून निवडलं होतंस. हे मला आज कळलं, तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, घरातली पहिली पदवी पदरात पडल्यावर. भर दुकानात डोळे भरून आले आणि रागही आला. तुझा नाही, त्या दाराचा.

त्या रागातच एक साधं गोल घड्याळ घेतलं आणि पुढच्या खोलीत मुद्दाम अशा भिंतीवर लावलं की स्वयंपाकघरातून त्याचा काटासुद्धा दिसू नये. संध्याकाळी गल्लीतल्या बाया माझ्याकडे अक्षरं गिरवायला येतात. पुढं सतरंजी अंथरलेली असते, तरी ती ओलांडून आत स्टोव्हपाशी दाटीवाटीनं बसतात. किती वेळा सांगितलं, ऐकत नाहीत. म्हटलं, आता वेळ बघायला तरी पुढं यावं लागेल.

आज शेजारच्या अक्कांनी आतूनच विचारलं, "किती वाजनात वं?"

"पुढं जाऊन बघा ना, अक्का. नवं घड्याळ आणलंय."

"तू जाय ना! तू बी ते आठेच बशेल शे!"

सगळ्या खदखदून हसल्या. मी खरंच स्टोव्हपाशी बसले होते, पाटी मांडीवर घेऊन. रोज तिथंच बसते.

त्या गेल्यावर मी पुढच्या खोलीत आले, वेताच्या खुर्चीत टेकले. घड्याळ छान दिसतं गं. खोलीला शोभतं. पण मला बसवेना. उठले, पुन्हा बसले. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तुला सांगते. मी घड्याळाकडे बघतच नव्हते. खुर्चीतून स्टोव्ह दिसतो का, तेवढंच मान वाकडी करून बघत होते.