तुमच्या लेकीची उष्टी वाटी आणि माझं पोट

ती. अमरनाथ दाजी यांच्या सेवेशी,

घाटनांदूरहून वीरेशचे शरणार्थ. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. आपली तब्येत, आपली कंपनी, आपला पुण्यातला दोन दारांचा फ्रिज हे सर्व ठणठणीत असेल अशी आशा करतो. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी तोंड उघडलं की तुमचं नेटवर्क जातं. कागदाचं जात नाही. पुण्याला येणाऱ्या अजिनाथच्या गाडीत आईनं तुम्हाला शेंगदाण्याची चटणी दिली आहे, तिच्याच पिशवीत हे पत्र आहे. आधी चटणी खा, मग वाचा, म्हणजे तिखट कशाचं लागलं ते कळणार नाही.

दाजी, मी लई संतापलो आहे. अक्का आरोहीला घेऊन माहेरी आली, आनंद झाला. भाचीनं माझा चष्मा मोडला, तरी आनंद झाला. पण मागोमाग तुम्ही कुरिअरनं तो निळा ट्रे पाठवलात. लेकराचं खिमट, भोपळा, गाजर घरीच शिजवायचं, वाटायचं, ट्रेमध्ये गोठवायचं, वर तारखेची चिठ्ठी लावायची, आणि लागेल तशी एकेक वडी काढून गरम करायची. आणि हे सांभाळणार कोण? तर, ‘वीरेश घरीच असतो की!’ (घरी असतो म्हणजे रिकामा असतो, हा शोध पुण्यातच लागू शकतो. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष मी सोडलं, मला कुणी काढलं नाही. बारावीनंतर वर्षाराणी अंबाजोगाईला नर्सिंगला गेली आणि त्या कॉलेजात बघण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच.)

वर्षाराणी म्हणजे मागच्या गल्लीतल्या रामकिसनकाकांची मुलगी, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसल्यासारखं करता, ते सोडा. परीक्षेच्या अभ्यासासाठी सध्या ती गावी आली आहे, म्हणून अक्कानं तिलाच विचारलं की हे सगळं ठेवायचं कसं. तिनं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून कायदा सांगितला. हात आणि भांडी स्वच्छ. शिजवलेलं बाहेर तासन्‌तास ठेवायचं नाही. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आणि ज्या वाटीत लेकराचा चमचा गेला, त्या वाटीतलं उरलेलं परत ठेवायचं नाही, सरळ टाकून द्यायचं. मी मान डोलावत होतो. तिनं विहिरीत उडी टाक म्हटलं असतं तरी डोलावली असती.

पण ‘टाकून द्यायचं’ म्हटल्यावर आईच्या हातातला कालथाच थांबला. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत हे तुम्ही जावई म्हणून चांगलंच जाणता. अप्पा तर जेवल्यावर ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. आई म्हणाली, “परसाद हाय तो. मोरीत ओतायचा व्हय गं?” एकीकडे वर्षाराणीचा कायदा, दुसरीकडे आईचा धर्म. परत ठेवायचं नाही आणि टाकायचंही नाही. मग जायचं कुठं? माझ्या पोटात! दाजी, तुमची लेक चार चमचे खाते आणि फुर्रर्र करून तोंड फिरवते. उरलेलं बिनमिठाचं, बिनतिखटाचं खिमट मी उभ्यानं गिळतो. सकाळी भोपळा, दुपारी मुगाची डाळ, संध्याकाळी गाजर. एक घास मिरचीचा मागितला तर अक्का म्हणते, “आधी ते संपव.” पँटचं बटण लागेना. दोस्त प्रविण मला भर चौकात विचारतो, “काय बे, दात कधी यायलेत?” त्याच्याशी मारामारी झाली, ती वेगळी सांगेन.

लाईट जाते ती वेगळीच. लाईट गेली की फ्रिजचं दार उघडू नका, आतला गारवा टिकतो, असं वर्षाराणीनं बजावलं होतं. आई दर थोड्या वेळानं दार उघडून बघते, गारवा टिकलाय का! मी दारासमोर स्टूल टाकून बसतो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, पोरगं देवाच्या गाभाऱ्याची राखण करतंय.

आता खरी गोष्ट ऐका. गेल्या सोमवारी मी अप्पांबरोबर कपिलधारला दर्शनाला गेलतो. घरात आई आणि अक्का, दोघींचा उपवास. आरोहीनं अर्धी वाटी ठेवली. खाणारा कपिलधारला, उरलेल्या दोघी उपाशी, टाकणं पाप. आईनं काय केलं? ते ट्रेच्या दोन रिकाम्या खणांत ओतलं आणि परत गोठवलं. मंगळवारी अक्कानं नेमकी त्यातलीच एक वडी काढून भरवली. संध्याकाळपासून लेकराचं पोट बिघडलं. डॉक्टरांकडे नेलं. (घाबरू नका, दोन दिवसांत बरी झाली, आता पुन्हा फुर्रर्र करते. तुम्हाला ‘दात येतायत’ म्हणून सांगितलं ते अक्कानं, मी नाही.)

वर्षाराणी धावत आली. बाळाला बघून झाल्यावर तिनं बर्फाचा कप्पा उघडला, तर खणात त्यातलीच दुसरी वडी, वाकडीतिकडी, चिठ्ठी नाही. तिनं विचारलं, “हे कुणी ठेवलं?” आईनं देवघराकडे बघितलं. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी गप्प. आईचं नाव तिच्यासमोर कसं घेऊ? तर ती मला म्हणाली, “एक फ्रिज सांभाळाय दिलता तुला. कॉलेज सोडलंस, आता फ्रिज पण सोड.”

दाजी, हे वाक्य माझ्या काळजात रुतलं आहे. त्यात उमापूरचं स्थळ तिला बघायला येणार, मुलाचं मेडिकलचं दुकान. म्हणजे त्याला औषधं सांभाळता येतात आणि मला खिमट नाही! ती हो म्हणाली तर संपलंच. आणि हे सगळं कुणामुळे? तुमच्या ट्रेमुळे. म्हणून स्पष्ट लिहितो : येत्या रविवारी या, बायको, लेक आणि ट्रे घेऊन जा. नसता मी ट्रे रेल्वेच्या रुळावर ठेवीन.

आपला (सध्या नावापुरता) मेहुणा,
वीरेश

ता.क. : अजिनाथची गाडी काल गेलीच नाही, टायर फुटला. म्हणून पाकीट उघडून पुढचं लिहितो. काल संध्याकाळी वर्षाराणी बाळाला बघायला आली, तेव्हा आईनं आपणहून सांगितलं, “माय, ते मी ठेवलतं. पोरगं उगी बोलणी खाऊन बसलंय.” वर्षाराणी माझ्याकडे वळली. “मग तू बोलला कावून न्हाईस?” मी म्हटलं, “आई हाय.” तिनं बर्फाचा कप्पा उघडून बघितला. मग म्हणाली, “आन्‌ रोजचं उरलेलं?” अक्का हसायला लागली, “ह्योच खातोय की!” वर्षाराणी फ्रिजला धरून हसली. डोळे पुसून म्हणाली, “अरे येड्या, एवढी मोठी वडी काढायचीच कशाला? लहान खणात गोठवायचं, लेकराला लागेल तेवढंच काढायचं. जास्तीचं उरतंच न्हाई.” म्हणजे इतके दिवस मी जे गिळलं ते तुमच्या ट्रेचे खण मोठे म्हणून! बारीक खणांचा ट्रे ताबडतोब पाठवा.

ता.क. २ : रविवारी न्यायला येऊ नका. बाळाला एवढ्यात प्रवास झेपायचा नाही. आणि वर्षाराणी आता रोज संध्याकाळी ट्रे तपासायला येणार आहे, ते काम अर्धवट राहील.

ता.क. ३ : न्यायला येऊ नका, पण या. दाजी, वरचा राग गिळून टाका, मी एवढं गिळलं आहे. अप्पा माझं ऐकत नाहीत, तुमचा शब्द मोडत नाहीत. रामकिसनकाकांकडे माझ्यासाठी शब्द टाकायला तुम्ही आणि अप्पा, दोघांनी जायचं आहे. मी कॉलेजात पुन्हा नाव घालतो, हेही तिथं सांगा. काल जाताना वर्षाराणी दारात म्हणाली, “उमापूरवाल्यांना मी नको म्हणून सांगितलंय. लगेच फुगू नको, तुझ्यासाठी न्हाई, परीक्षा हाय म्हणून.” दाजी, ती परीक्षा पुढच्या महिन्यात संपते.