गादा, भुलगा आणि शालन

११ जाने., रविवार
मार्वेहून फेरीने मनोरीला. माझा रविवार शालनकडे, वर्षानुवर्षं. दारात परक्या चपला. डॉक्टर आली होती, बंगळूरची, डॉल्फिनवाली. मी बसते त्याच खुर्चीत बसलेली. खुर्चीवर माझं नाव नाही, खरंय.
शालन म्हणाली, "खाटेवर बस गो. पोरीला कागद पसरायला जागा लागते."
पोरीला! चाळिशीची आहे पोर.
कागद म्हणजे नकाशा. खाडीच्या तोंडापासून पुढे समुद्राचा एक पट्टा राखीव करायचा, डॉल्फिन-देवमाशांसाठी. मोठे ट्रॉलर बंद, गावच्या होड्या चालू. गाव तयार आहे, कारण शालन तयार आहे.

१८ जाने., रविवार
डॉ. होडीत जाऊन आली. शा.च्या भावाच्या, पांडूच्या होडीत. मी शाळेपासून विचारतेय, एकदा तरी ने ना मला. "आमच्या होडीत बाय चढत नाय." पन्नास वर्षं हेच उत्तर. आज विचारलं, मग हिला कसं नेलं?
"ती बाय नाय गो. डॉक्टर हाय."
तिथे हसले. फेरीत हसू आलं नाही.

२४ जाने.
बोरिवली, घरी. दिवसभर कानात ते इअरफोनचे बोळे. डॉ.ला इथली कोळी बोली कळत नाही. पांडूने म्हाताऱ्या कोळ्यांचं बोलणं मोबाइलवर भरून आणलंय: कुठे, कधी, काय दिसतं. ते ऐकायचं आणि इंग्रजीत तक्ते भरायचे, हे माझं काम. शा.नेच सुचवलं होतं. "शाळेत ही इंग्रजीत पयली. हिचं इंग्रजी म्हणजे छापल्यावानी." तेव्हा किती बरं वाटलं होतं.
शाळा आठवली. शा.च्या डब्याला सुकटीचा वास येतो म्हणून मुली बाकावरून सरकायच्या. मी सरकले नाही.
(एकदा सरकले.)

१ फेब्रु., रविवार
डॉ. आज हवेत तरंगतेय. माझ्या तक्त्यांवरून तिला कळलं की खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनची पिल्लं बारा महिने असतात. प्रत्येक म्हातारा तेच सांगतोय. "मॅडम, इथे ती वाढतात! आता हा पट्टा कोण नाकारणार?" प्रस्तावाचं पहिलं पानच त्यावर बेतलंय.
आनंदाने शा.ला मिठी मारली. तिला "मावशी", मला "मॅडम". मला काही मिठी नको होती. तरी.

८ फेब्रु., रविवार
पांडूच्या जाळ्यात डॉल्फिनसारखा एक मेलेला जीव आला. वाळूवर ठेवला होता. करडा, गोल डोक्याचा, चेहरा हसल्यासारखा. बघवेना.
पांडू हळहळला. "म्हातारा भुलगा गो ताई. दात बघ, झिजलेत."
मी म्हटलं, "मुलगा, आणि म्हातारा कसा रे?"
पांडू हसून हसून खाली बसला. "मुलगा नाय! भुलगा, भुलगा! पाठीवर पंख नाय बघ त्याला. यो गादा नाय, जातच वेगळी."
गादा म्हणजे डॉल्फिन, तेवढं मला ठाऊक होतं. पण मोबाइलवर त्या बोळक्या तोंडांतून मी सगळीकडे "मुलगा" ऐकलं. म्हणजे गाद्याचा मुलगा, असं मीच ठरवलं. काय गोड बोलतात, असं वाटलं होतं. आणि लिहीत गेले, डॉल्फिनचं पिल्लू, डॉल्फिनचं पिल्लू.
कोणाला काही बोलले नाही. डोकं दुखतंय सांगून लवकरची फेरी धरली.

९ फेब्रु.
शाळेत बक्षीस मिळालेला शब्दकोश काढला. भुलग्याला इंग्रजीत निराळा शब्द आहे, पॉरपॉइज. तक्त्यात त्याचा निराळा रकानाही होता. मी तो पानोपानी रिकामा ठेवलाय.
म्हणजे पिल्लं नाहीतच. पट्ट्याची सरकारी सुनावणी २६ला. ट्रॉलरवाले येणार, त्यांचे खलाशी भुलगा ओळखतात. कोणीतरी उठून विचारेल, बाई, कुठली पिल्लं? आणि डॉ. उभी राहील सगळ्यांसमोर, नकाशा हातात.
हे मी आज तीनदा डोळ्यांपुढे आणलं. तिसऱ्यांदा चहा घेत.

१४ फेब्रु.
अजून सांगितलेलं नाही. शा.चा फोन. "पोरीला ताप हाय, पेज पाठवली."
माझ्या ऑपरेशनच्या वेळी स्वतः आली होती. फेरी, मग दोन बसगाड्या, पेजेचा डबा पदरात गुंडाळून, गार होऊ नये म्हणून. ती पेज अजून जिभेवर आहे. आणि आजची दुसरीकडे गेली म्हणून रागावून बसलेय. बासष्टीची बाई मी!

१७ फेब्रु.
रविवार नसताना गेले. शा. मासे साफ करत होती. सगळं सांगितलं.
"म्हंजे पट्टा गेला?"
"आत्ता सुधारलं तर राहीलही. भुलग्याच्या नावावर."
"तुला कधी कळलं?"
"त्या दिवशी. वाळूवर."
तिने कोयता खाली ठेवला. "इतके दिस काय करत होतीस?"
मी जमिनीवरचे खवले वेचायला लागले.
"माज्याशी भांड ना गो. भुलग्याला कशाला घेतेस मधी?"
म्हणजे माझं जळणं तिला ठाऊक होतं. केव्हापासून, कोण जाणे. चहाही न घेता निघाले. तिने थांब म्हटलं नाही.

२० फेब्रु.
तीन दिवस बसून सगळं बोलणं पुन्हा ऐकलं, तक्ते पुन्हा लिहिले. डॉ.ला पाठवले, सोबत चिठ्ठी. ऐकण्यात चूक झाली, असं लिहिलं. मग खाली: कळल्यावरही गप्प बसले. ही ओळ दोनदा खोडली. तिसऱ्यांदा राहू दिली.
उत्तर एका शब्दाचं. "मिळालं."

२३ फेब्रु.
शा.चा फोन. एवढ्या दिवसांनी.
"पोर आली होती. तुजी चिठ्ठी वाचून रडली गो."
प्रस्ताव आधीच वर गेलाय. पहिलं पान बदलून घेतील की नाही, डॉ.लाही माहीत नाही. घेतलं, तरी एकटा भुलगा तो पट्टा धरून ठेवेल का...
"मग?"
"मग काय, जेवाय घातलं तिला."
मला विचारायचं होतं, चिडलीय का माझ्यावर? आणि तू? रविवारी येऊ का? तोंडातून आलं ते भलतंच. "काय केलं होतंस जेवायला?"
शा.ने खरं ते सांगितलं.
"बोंबील. भरलेले."
भरलेले बोंबील ती कोणासाठी करत नाही. वेळ फार जातो म्हणते. फक्त माझ्यासाठी करायची.