आक्षेपाच्या वहीत केलेलं कौतुक

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनींना वेगळा नमस्कार (एकातच दोघांना उरकलं की त्यांना ते कळतं). तुझा गुडघा कसा आहे? इकडे देवाच्या दयेने सगळे धडधाकट आहेत, माझं चित्त तेवढं ठिकाणावर नाही. सकाळपासून तीनदा जपाला बसले आणि तीनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

कारण तुझा कायदा. तुझा म्हणजे तू केलेला नव्हे, पण निवृत्तीआधी कचेरीत टाइप तूच केलास ना, तो सरकारी शाळांतल्या नागरिकशास्त्राचा? मग थोडं पाप तुझ्याही बोटांना लागणारच. शाळेच्या दाराशी म्हणे एक वही ठेवायची. घरच्या कुणी एखाद्या धड्याबद्दल त्यात लिहिलं की सुनावणी होईपर्यंत तो धडा बंद, आणि काय लिहिलंय ते तोवर शिक्षकाला कळू द्यायचं नाही. आमच्या इथे हा विषय आमची सूनच शिकवते, आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची आहे.

तर मागच्या आठवड्यात सूनबाई डबा विसरून गेली (वाचत वाचत चपला घालते, मग दुसरं काय होणार? सामान बांधून आलेला कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय टाकत नाही, हे मी तुला दर पत्रात लिहिते). डबा द्यायला गेले तर दाराशी ती वही, दोऱ्याने बांधलेलं पेन, आणि महिनाभरात एक अक्षर नाही. शिपाई म्हणाला, "आजी, लिहा की काहीतरी! साहेब कोरी वही बघतात नि माझ्यावर खेकसतात." कोरं पान वाया जाताना माझ्याच्याने बघवत नाही, तुला माहीत आहे.

त्यात आदल्याच दिवशी घरात एक प्रकार झाला होता. जिन्यातला दिवा मी आठला बंद करते, वीस वर्षं करते. नात म्हणाली, "आजी, हे कुणी ठरवलं? आम्हाला कुठे विचारलंस?" वर्गात मत मांडण्याचा हक्क शिकवला होता ना तिच्या आईने! चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. तीन विरुद्ध एक, मी सपशेल पडले. आता दिवा दहापर्यंत जळतो आणि माझा जीवही. पण खरं सांगू? एवढीशी पोर नजर न चुकवता, आवाज न चढवता बोलली. मला चाळिशीतही तुझ्या मेहुण्यांपुढे ते जमलं नव्हतं.

म्हणून लिहिलं: "मत मांडण्याचा धडा बाई फार चांगला शिकवतात. असाच शिकवावा." खाली सही, पत्ता. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे वर 'आक्षेप' छापलंय ते दिसलंच नाही. कौतुकाला त्या वहीत रकानाच नाही रे! दुसऱ्या दिवशी धडा बंद. मी धावतपळत मुख्याध्यापकांकडे. ते म्हणाले, "काकू, मला कळतंय हो, पण वहीत आलं की तो आक्षेपच. खोडता येत नाही. आणि बाईंना एक शब्द बोललात, तर सुनावणी त्यांच्यावरच उलटेल."

सूनबाईला एवढंच कळलंय की सही माझी आहे. तिला वाटतं, सासूने दिव्याचा सूड उगवला. "आई, चहा ठेवलाय," यापलीकडे शब्द नाही. नात माझ्याकडे बघत नाही, मुलगा वर्तमानपत्राआडून बाहेर येत नाही. गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी गिळते. (कायदा नसता तरी बहुधा गिळलीच असती. चौदा वर्षांत तिच्या तोंडावर तिला चांगलं म्हटलेलं नाही, जिभेला सवय नाही.) सुनावणी सोमवारी आहे. पोरीची नोकरी माझ्या दोन ओळींपायी गेली, तर देवापुढे कुठल्या तोंडाने बसू?

तुझी,
धाकटी

ता. क. लिहिलेलं मागे घ्यायचं एखादं कलम टाइप करताना तुझ्याकडून गळलं असेल, तर आठवून कळव.

ता. क. दुसरा. नको आठवूस. सोमवारी सगळ्यांसमोर वाचणार आहेत, वाचू देत. तू फक्त शेजारी येऊन बस.

ता. क. तिसरा. मुख्याध्यापकांना विचारून घेतलं, भावाला पत्र लिहायला मनाई नाही. पाकीट चिकटवलेलं नाही, डिंक संपलाय. टपालात टाकायला सूनबाईकडेच देते आहे. पेटीपर्यंत वीस मिनिटांची वाट आहे, आणि अक्षर मी मुद्दाम मोठं काढलं आहे.