शून्य धूर योजना

३ मार्च, सकाळी ७
सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल माझ्याकडे आहे. अट एकच. रविवारी, १६ तारखेला, ते स्वतः येऊन एक चक्कर मारणार. पाच महिने दिवस मोजतायत. गाडी झकास आहे, पण धूर! म्हणे लिटरमागे एक टोपण ऑइल पेट्रोलमध्येच घालायचं. म्हणजे दुधात मिठाचा खडा.

५ मार्च
मेकॅनिकला विचारलं. या इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो म्हणाला. पेट्रोलबरोबर आत जाईल तेवढंच पिस्टनला मिळतं, मग तेही जळतं, म्हणून धूर. आता मला सांगा, जे जळूनच जाणार ते घालायचं कशाला? हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नाही, कमाल आहे.

७ मार्च
अर्धं टोपण. धूर अर्धा. बायको म्हणाली, बाबांना विचारलंत का? घरच्यांना आपली किंमत नसते.

१० मार्च
पाव टोपण. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाडी सुरू झाल्यावर वाळत घातलेले कपडे आत नेले नाहीत. आणखी काय पुरावा हवा?

१२ मार्च
इंजिन किणकिणतंय. मोकळं झालं असणार.

१३ मार्च
टोपण फेकून दिलं. टाकीत निव्वळ पेट्रोल. धूर शून्य! सासरे खूश होऊन गाडी माझ्याच नावावर करतील.

१४ मार्च, दुपारी
चढावर गाडी जागच्या जागी थांबली. किक हलेना. मेकॅनिकने इंजिन उघडलं. पिस्टन कोरडा घासून सिलिंडरला चिकटलेला. ऑइल किती घातलं होतं, विचारलं. मी म्हटलं, हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतं. तो म्हणाला, नवा पिस्टन मिळायला दोन महिने.

१५ मार्च
गाडी ढकलत घरी आणली. उद्या सासऱ्यांना सगळं शास्त्रीय भाषेत समजावायचं. नक्की पटेल.

१६ मार्च
सासरे टॅक्सीतून उतरले ते हेल्मेट घालूनच. शास्त्रीय भाषा ऐन वेळी आठवली नाही. सगळं खरं सांगून टाकलं. ते बराच वेळ टाकीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, धूर दिसला की मला बरं वाटायचं. पोटाला मिळतंय बिचारीच्या, असं वाटायचं."
मला फार वाईट वाटलं.
मग ते गाडीवर बसले. चक्कर ठरली होती, म्हणाले. इमारतीभोवती पूर्ण एक चक्कर मी मागून ढकलली. प्रत्येक वळणावर त्यांनी हात दाखवला. बायको आणि काकू गॅलरीतून बघत होत्या.
धूर शून्य.