डोंगरातली लाल पट्टी

१३ एप्रिल, रविवार

लोक निपाणीला जाताना मिसळीसाठी थांबतात. आम्ही दगडासाठी! लेक भूगर्भशास्त्र शिकायला लागल्यापासून आमच्या डिकीत दगडच जास्त. मागे कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं डिकी उघडायला लावली, एक दगड उचलून बघितला आणि झाकण लावलं.

आज घाटात रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय, तिथं निवेदितानं गाडी थांबवायला लावली. काळ्या खडकाच्या मधोमध विटेसारखी लाल पट्टी. म्हणाली, ही माती. एका लाव्ह्यावर साचली, दुसरा वरून आला तेव्हा भाजली. कोट्यवधी वर्षांपूर्वी! मी हात लावला — नखात आली. पेपरचं पान छपाईला सोडायला पाच मिनिटं उशीर झाला की जीव जाणाऱ्या माझ्या नखात.

पट्टीच्या वरच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. भर एप्रिलात. नवऱ्यानं, आनंदनं, रुमाल भिजवून मानेवर ठेवला.

१४ एप्रिल

माहेरी, थोरल्या भावाकडे, अण्णांकडे. मळा घाटाच्या माथ्यावर. जिथं आम्ही पोहायला शिकलो त्या विहिरीचा तळ दिसतोय! अण्णांकडे कारण तयार. शेजारच्या भरमूनं बोअर मारली, ‘माझं पाणी वढून घेतलं.’ भरमू — लहानपणापासूनचा दोस्त, बांधाला बांध.

वहिनीनं पुढचं सांगितलं तेव्हा हातातला पेला तसाच राहिला. अण्णांनी बिरदेवाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतलीय. भरमूची बोअर चालू आहे तोवर त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. चिमूटभर हळद. पण ती उचलून शब्दावरून फिरलेला माणूस या गावात मी अजून पाहिलेला नाही.

१५ एप्रिल

निवेदिता विहिरीत उतरली. वर आली ती नखं दाखवत. लाल!

तीच पट्टी. विहिरीच्या तळातून उतरत जाऊन घाटात उघडी पडलेली. पाणी तिच्यातून खाली मुरत नाही, तिच्यावरून वाहतं म्हणे. डोंगर कापला, वाट मोकळी झाली. आणि भरमूची बोअर? तिचं पाणी पट्टीच्या कितीतरी खालचं. वेगळंच.

अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, पोरगी हुशार आहे. म्हणजे पटलं नाही.

१६ एप्रिल

थ्री-फेज लाईट आली तशी अण्णांना मोटर लावायला सांगितलं. आनंद खाली घाटात, मी विहिरीवर, कानाला फोन. इकडे विहीर आटली आणि तिकडे आनंदचा आवाज — थांबलं! ठिबकायचं थांबलं! मला घाम फुटला. निवेदिताला मात्र नाही.

मोटर बंद करून अण्णांना गाडीतून खाली नेलं. वाट बघत बसलो. विहिरीत पाणी चढलं असेल तसं पट्टीवर पहिला थेंब आला. अण्णांनी ओंजळ धरली. चव घेतली.

“माझंच की हे.”

परत ओंजळ धरली. ट्रक जात होते.

“पटलं गं. पर भंडारा उचललाय. आता त्याच्या दारात जाऊ कसा?”

म्हटलं, मी जाते.

१७ एप्रिल

भरमू उसाला पाणी पाजत होता. सगळं सांगितलं. शपथेचंही. वाटलं होतं भडकेल, निदान टोमणा तरी मारेल. पण त्यानं खोऱ्यानं पाटाची माती सारली आणि एवढंच विचारलं.

“बोअर बंद झाली तर त्यो येतोय न्हवं?”

मी हसले. तुझी चूकच नाही तर बंद कशाला करायची?

तोही हसला. “व्हय की.”

संध्याकाळी घरी, बेळगावला परत.

२० एप्रिल, रविवार

वहिनीचा फोन. भरमूनं काल बोअरमध्ये दगडमाती टाकून ती बुजवली. कोणाला विचारलं नाही. ऊस रानात उभा आहे.

अण्णा त्याच्याकडे चहाला गेलेत.