हरवलेल्या ठकीची निरवानिरव

लिहून ठेवणार अहल्याबाई, भ्रतार दत्ताजीराव फडतरे, वय साठीच्या पुढे, पूर्वी सरकारी मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार कारेलीबाग, बडोदे.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल माझे वडील बंधू जगदेवराव संपतराव पिसाळ यांस शंका असल्यास त्यांनी ती माझ्या हयातीत, माझ्या तोंडावर बोलून दाखवावी. मागाहून कोर्टात नको. हे मृत्युपत्र मी राजीखुषीने करीत आहे. सारा जन्म दुसऱ्यांना सांगण्यात गेला, आता कोणी मला पढवावे आणि मी पढावे असे वय राहिले नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आल्यामुळे अक्षर वकील भास्करराव यांचे आहे, मजकूर माझा. ते मधूनमधून "बाई, हे मृत्युपत्रात येत नाही" असे म्हणतात. तेही लिहून घ्या, असे मी त्यांना सांगितले आहे.

कलम पहिले. कारेलीबागेतील माझे राहते घर, पुढची पडवी, पडवीतला हिंचका म्हणजे झोपाळा, मागचा आड आणि लिंबाचे झाड यांसह, मी कौशल्या हिला देत आहे. घर माझ्या नोकरीच्या पगारातून बांधलेले आहे. त्यात माहेरची वीट नाही की सासरचा वासा नाही.

कौशल्या कोण, असे विचारणारा माणूस आमच्या ओळखीत निघायचा नाही. पण कागद पुढे परक्याच्या हाती जातो, आणि परक्याला ती माझ्या पोटची नाही एवढेच दिसेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझे वडील पागेकडे शिलेदार होते. मी सहा-सात वर्षांची असताना दसऱ्याची स्वारी पाहायला जगदेवराव मला घेऊन गेले. ते तेव्हा दहा वर्षांचे. आईने निघताना बजावले होते, "जगू, हिचा हात सोडू नकोस." सोन्याची तोफ येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. तोफ ओढणारे झुलींचे बैल दिसले मात्र, बंधूंना दोन्ही हात टाळ्यांसाठी लागले. तोफ गेली, गर्दी हलली, आणि मी गर्दीबरोबर वाहत पाणी दरवाजाबाहेर कुंभारांच्या वस्तीत जाऊन पोहोचले.

तिथे जीवी नावाच्या कुंभारणीने मला रडताना पाहिले. तिने मला भाकरी-गूळ दिला आणि विचारले, "छोकरी, तारुं नाम शुं?"

"ठकी."

"बापनुं नाम?"

आता बापाचे नाव मला कोण सांगणार? आजी त्यांना "बाळ" म्हणे. आई नवऱ्याचे नाव घेत नसे, त्या काळी कोणतीच बाई घेत नसे. ती ज्या शब्दांनी हाक मारी तेच मी सांगितले : "अहो ऐकलंत का."

जीवीने भल्या मनाने सगळ्या वस्तीत चौकशी केली, की ऐकलंतका नावाचा कोणी मराठा तुमच्या माहितीत आहे काय. नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवंडी आली. "संपतराव पिसाळ शिलेदार यांची कन्या अहल्या हरवली आहे होऽ!" जीवी धावत आत आली. "तुं अहल्या?" मी म्हटले, "नाही, मी ठकी." अहल्या हे माझे पाळण्यातले नाव, ते पाळण्यातच राहिले होते. उलट त्या हरवलेल्या अहल्येची मला फार दया आली. तिची आई किती रडत असेल, असे मनात येऊन मी जीवीच्या देवापुढे तिच्यासाठी हात जोडले. दवंडीवाला पुढे गेला.

मला शोधून काढले ते आईने. गोषातली बाई, माजघराबाहेर जिचा आवाज गेला नव्हता, ती डोक्यावरचा पदर सावरत कुंभारांच्या गल्लीत उभी राहिली आणि ओरडली, "संपतराव पिसाळांची ठकी कोणी पाहिली का होऽ?" नवऱ्याचे नाव, भर रस्त्यात, चार पुरुषांसमोर! ठकी म्हटल्यावर मी अर्थात धावले.

घरी आल्यावर आजीने आईला फैलावर घेतले. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, असे तिचे म्हणणे. वडील ऐंशी ओलांडून वारले. तोवर त्यांना नुसते पडसे झाले तरी ते आईला म्हणत, "मथुरे, त्या दिवशी नाव घेतलंस ना, त्याचंच हे!"

मला शाळेत घातले तेही त्यामुळेच. विद्येची आवड वगैरे काही नव्हती. वडील म्हणाले, "पुन्हा हरवली तर निदान नाव तरी सांगेल." बडोद्यात मुलींच्या शाळा निघाल्या होत्या, आणि मी शिकता शिकता मास्तरीण होऊन बसले. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी पाटी नसे. प्रत्येक मुलीने उभे राहून मोठ्याने आपले नाव, बापाचे नाव, आईचे नाव आणि गल्ली सांगायची. मग अ आ इ ई. मुली घरी जाऊन आयांना विचारू लागल्या, "बाबांचं नाव काय? घे ना!" आयांची अब्रू गेली. सासवांनी तक्रार केली. माझी बदली सावली या गावी झाली. शिक्षा म्हणून की बढती म्हणून, हे हुकमावरून कळत नव्हते.

जगदेवराव तोवर पोलिसात फौजदार झाले होते. मी त्यांना चिडवीत असे, की ज्याला बहीण धरता आली नाही तो चोर काय धरणार. ते नुसते हसत. सावलीला गेल्यावर एका शिपायाने सहज सांगितले ते मला ठाऊकच नव्हते. ज्या गावी जत्रा असेल तिथला बंदोबस्त साहेब मागून घेतात. लहान पोरांच्या मनगटाला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक आईच्या हातात देतात, आणि गर्दी पांगून शेवटचे पोर घरी जाईपर्यंत खुर्चीवर बसत नाहीत. दसऱ्याची स्वारी म्हणून त्यांनी पुन्हा कधी पाहिली नाही. त्यांची पाठ स्वारीकडे आणि तोंड लोकांकडे असे. हे कळल्यावर मी त्यांना चिडवणे थांबवले नाही. थांबवले असते तर त्यांना कळले असते की मला कळले आहे.

कौशल्या त्यांनाच सापडली. सावलीच्या जत्रेत, तीन-चार वर्षांची. नावापलीकडे तिला काही सांगता येईना. दवंडी पिटली, गावोगाव पाटलांना कळवले. कोणी आले नाही. तेव्हा तिला कडेवर घेऊन ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "ठके, हिचा हात मी सोडला नाही. आता तू धर."

आम्हा नवराबायकोला मूल नव्हते. दत्ताजीराव सरकारी बँडात क्लॅरिओनेट वाजवीत आणि मुलाबाळांच्या विषयावर बोलणे आले की वाद्य पुसायला घेत. त्या दिवशी त्यांनी ते वाद्यच पोरीच्या हातात दिले. तिने तोंडाचा भाग चावून ठेवला. तो पुढे बदलावा लागला.

ती शाळेत आली तेव्हाची गोष्ट. पहिला दिवस, मुली ओळीने उभ्या राहून घडाघडा सांगत आहेत, अमकी, अमक्याची, अमुक आईची. हिची पाळी आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "कौशल्या." वर्ग वाट पाहू लागला. मग ती शांतपणे म्हणाली, "पुढचं अजून सापडलं नाही."

एक मुलगी हसली. इतकी वर्षे जो धडा मी मोठ्या अभिमानाने शिकवला, त्यात या पोरीला उभे राहायला जागाच नव्हती. मी खडू खाली ठेवला आणि प्रश्न बदलला. विचारले, "तू हरवलीस तर तुला शोधायला कोण येईल?"

ती म्हणाली, "बाई येतील. क्लॅरिओनेट घेऊन काका येतील. आणि मामा शिट्टी वाजवतील."

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गात तोच प्रश्न पहिला विचारला गेला. कौशल्या आज स्त्रियांच्या वाचनालयात आहे, आणि ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांच्या दारी स्वतः पुस्तके घेऊन जाते. मी म्हणते, "अगं, शिपाई पाठव." ती म्हणते, "बाई, कोणीतरी आपल्याला शोधत आलं की बरं वाटतं."

कलम दुसरे. दत्ताजीरावांचे क्लॅरिओनेट बँडातील जो कोणी नवा वाजवणारा गरजू असेल त्यास द्यावे, मात्र माझ्या शेजारी राहणाऱ्यास देऊ नये. माझे यजमान फार सोशीक होते. मी त्यांना चारचौघांत नावाने हाक मारीत असे, आणि ते लाजून खांबाआड जात. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "एकदा तरी 'अहो' म्हण ना." मी म्हटले. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "नको. तुला शोभत नाही."

कलम तिसरे. माझी तांब्यापितळेची भांडी पाणी दरवाजाबाहेर जीवीच्या नातसुनेस पोचवावीत. ती म्हणेल, कुंभाराच्या घरी पितळेचे काय काम? तरी द्यावीत. साड्या कौशल्येच्या, जरीची तिने नेसावी, पेटीत ठेवून कसरीला घालू नये.

कलम चौथे. वडिलांची तलवार. वडील वारताना ती त्यांनी मला दिली, आणि ती पडवीच्या भिंतीवर टांगली आहे. बंधूंनी तोंडाने काही म्हटले नाही, पण आजही माझ्या घरी येतात तेव्हा आधी भिंतीकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. ती तलवार मी जगदेवराव यांस देत आहे.

वरील मजकूर भास्कररावांनी काल सकाळी पडवीत वाचून दाखवला. जगदेवराव हजर होते. पहिले कलम ऐकून ते म्हणाले, "ठके, पोर गुणाची आहे, वाद नाही. पण उद्या भावकी विचारील, हिच्या बापाचं नाव काय? वारस कोणत्या घराण्याची? तेव्हा कागद टिकायचा कसा?"

मी म्हटले, "दादा, सासरचं कोणी उरलं नाही, मग भावकी म्हणजे कोण? तुम्हीच की नाही?"

ते हिंचक्यावरून उठले आणि आडापर्यंत जाऊन आले. मग भास्कररावांना म्हणाले, "साक्षीदार कोण घेतलात?" भास्करराव म्हणाले, अजून ठरले नाही. "मग मी. भावकीतल्या थोरल्याचीच सही खाली असली, तर विचारायला येणार कोण?"

भास्कररावांनी त्यांना समजावले, की साक्षीदारास त्याच मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही. सही केल्यास तलवार जाईल. जगदेवराव भिंतीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "चौथं कलम खोडा."

म्हणून चौथे कलम माझ्या समक्ष खोडले असून तलवार कौशल्येकडे घरासह राहील. खाडाखोडीवर माझी सही आहे. साक्षीदारांनी आपली ओळख स्वतःच्या हाताने लिहावयाची असल्याने भास्कररावांनी लेखणी त्यांच्याकडे दिली. काय लिहिले ते मला दिसले नाही. कौशल्येने मोठ्याने वाचून दाखवले, आणि दुसरी ओळ तिला पहिल्या खेपेस वाचता आली नाही.

बडोदे, मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५५.

सही : अहल्याबाई फडतरे

साक्षीदार :

१. जगदेवराव संपतराव पिसाळ, निवृत्त फौजदार,
कौशल्या ही पिसाळांची भाची, तिचा मी सख्खा मामा.

२. लक्ष्मीकांत दीनानाथ वैद्य, शेजारी.